विमानाच्या इंजिनचा ग्राफ कसा वाचायचा? छोट्या विमानातल्या इंजिन मॉनिटरची सोप्या भाषेत ओळख



गेल्या उन्हाळ्यात माझ्या आतेभावाने मला व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. खाली मेसेज होता, "दादा, तू एक्सेलवाला ना? ह्याचा ग्राफ काढून दे." फाइल उघडली तर नुसते आकडे! साठच्या वर कॉलम आणि चार हजारांच्या वर ओळी.

भाऊ महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये पायलटचं शिक्षण घेतोय. ही फाइल म्हणजे त्याच्या एक तास दहा मिनिटांच्या उड्डाणाची नोंद होती. विमानाने स्वतःच, दर सेकंदाला एक ओळ, अशी लिहून ठेवलेली. त्याच्या इन्स्ट्रक्टरनी सांगितलं होतं, आपलं उड्डाण आपणच वाचून बघ.

आम्ही नाशिकचे. विमानाचा आवाज आम्हाला नवीन नाही. ओझरला १९६४ पासून एचएएलचा कारखाना आहे. मिग तिथे बनली, सुखोई-३० एमकेआय बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए तिथूनच उडालं. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं रोज घिरट्या घालतात. पण वर उडणाऱ्या विमानाचं इंजिन आतून काय सांगत असतं, हे मी कधीच बघितलं नव्हतं. त्या फाइलमुळे बघायला मिळालं. आणि पहिल्याच वाचनात मी एक मोठी चूकही केली. तीही सांगतो.

इंजिन मॉनिटर म्हणजे काय?

भाऊ शिकतो ते विमान सेसना १७२एस. चार सीटचं, पुढे एक पंखा, म्हणजे प्रोपेलर. त्यात लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं, १८० हॉर्सपॉवरचं. जेट नाही. आपल्या कारसारखंच पिस्टन वर-खाली होणारं इंजिन, फक्त बरंच मोठं आणि बहुतांशी हवेवर थंड होणारं.

जुन्या विमानांत इंजिनसाठी चार-पाच काटे असायचे. पायलटने बघितलं तर कळलं, नाही बघितलं तर गेलं. इंजिन मॉनिटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा सेन्सर, सगळे आकडे एका स्क्रीनवर, आणि ते सगळे मेमरीत साठवण्याची सोय. जेपीआय या कंपनीची ईडीएम नावाची यंत्रं यासाठी जगभर वापरली जातात. नवीन सेसनात गार्मिनची जी-१००० ही स्क्रीन असते, ती हेच काम करते आणि एसडी कार्डवर सीएसव्ही फाइल लिहिते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम टाकून वेगळे केलेले साधे आकडे. फोनवरसुद्धा उघडतात.

मग हाच ब्लॅक बॉक्स का?

नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर 'ब्लॅक बॉक्स' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला. तो डेटा दिल्लीत, एएआयबीच्या प्रयोगशाळेत काढला गेला. ब्लॅक बॉक्स हा अपघातानंतरही टिकावा म्हणून बनवतात. ११०० अंश सेल्सियसच्या आगीत तासभर राहिला तरी आतली मेमरी शाबूत राहावी, अशी त्याची चाचणी घेतात.

इंजिन मॉनिटरला असं कुठलंच चिलखत नसतं. तरीही त्याची चिप बऱ्याचदा वाचते, आणि अमेरिकेची तपास संस्था एनटीएसबी छोट्या विमानांच्या अपघातात ती काढून वाचते. पण त्याचा खरा उपयोग अपघातानंतर नाही, आधी आहे. ब्लॅक बॉक्स काय घडलं ते सांगतो. इंजिन मॉनिटर काय घडायला सुरुवात झाली आहे ते सांगतो. अर्थात, कुणी वाचलं तर.

साठ कॉलममधले कामाचे किती?

फाइलमध्ये वेग, उंची, बाहेरचं तापमान, जीपीएसचं ठिकाण, बॅटरीचे व्होल्ट असं सगळं असतं. इंजिनसाठी सुरुवातीला एवढंच बघा:

- आरपीएम: इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय
- फ्युएल फ्लो: तासाला किती इंधन जातंय
- ऑइलचं तापमान आणि दाब
- ईजीटी: बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं वेगळं
- सीएचटी: सिलिंडरच्या डोक्याचं, म्हणजे हेडचं तापमान, हेही प्रत्येकाचं वेगळं

सगळा खेळ शेवटच्या दोघांत आहे.

ईजीटी आणि सीएचटी यांतला फरक

गावाकडची चूल आठवा. वर धुराडं आहे. धुराड्यातून निघणाऱ्या धुराची गरमी मोजली तर ती झाली ईजीटी. चुलीच्या भिंतीला हात लावून कळते ती सीएचटी.

धूर पटकन बदलतो. फुंकर मारली की लगेच फरक. भिंत मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते. इंजिनमध्येही तसंच. ईजीटी काही सेकंदांत उडी मारते, सीएचटीला मिनिट-दोन मिनिटं लागतात.

आकड्यांचा अंदाज देतो. विमानात हे बहुतेक फॅरनहाइटमध्ये असतं. उड्डाणात ईजीटी साधारण १३०० ते १५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७०० ते ८०० अंश सेल्सियसच्या आसपास. सीएचटी साधारण ३५० ते ४००. लायकमिंगच्या या इंजिनला सीएचटीची वरची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियस. पण इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर त्याच्या बरंच खाली ठेवतात.

एवढी गरमी मोजतात कशी? थर्मोकपलने. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. 'के टाइप' थर्मोकपलमध्ये दर अंश सेल्सियसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे ७३० अंशांना जेमतेम ३० मिलिव्होल्ट. एवढ्याशा विजेवरून यंत्र आकडा काढतं. म्हणून वायरचा जोड ढिला असेल तर आकडाही उड्या मारतो, हे लक्षात ठेवा.

माझी चूक: सर्वात मोठा आकडा म्हणजे बिघाड

मी चारही ईजीटींचा ग्राफ काढला. आकडे गोल करून सांगतो. पहिला सिलिंडर १३४०, दुसरा १३६५, चौथा १३२०, आणि तिसरा १४२०! मधेच उडी मारून वर गेलेली लाल रेघ.

मी जेवताना सगळ्यांसमोर बोलून बसलो, "ह्याच्या विमानाचं तिसरं सिलिंडर तापतंय." आत्या तेव्हा आमच्याकडेच आली होती. तिचा घास तसाच राहिला. लगेच भावाला फोन, "तू उद्या उडू नकोस." तो म्हणतोय, "आई, काही झालेलं नाही." ती म्हणतेय, "दादा खोटं बोलेल का?" दोन दिवस ती नीट झोपली नाही. का, तर मी अर्धवट ज्ञानावर ग्राफ वाचला होता.

आमच्या शेजारचे काका ओझरला विमानांच्या ओव्हरहॉलवर काम करून निवृत्त झालेत. त्यांना ग्राफ दाखवला. ते म्हणाले, "मी जेटवाला माणूस, पिस्टन इंजिन माझं काम नाही. पण मला एक सांग, गेल्या आठवड्याचा ग्राफ कुठाय?"

माझ्याकडे नव्हता.

"मग हा जास्त आहे हे कशावरून म्हणतोस? जास्त म्हणजे कशापेक्षा?"

तिथे माझी ट्यूब पेटली. भावाकडून त्याच विमानाच्या आधीच्या तीन उड्डाणांच्या फाइली मागवल्या आणि इंजिनची माहितीपुस्तिका वाचायला बसलो. दोन गोष्टी समजल्या.

पहिली, ईजीटीचा आकडा स्वतः फारसं काही सांगत नाही. सेन्सर पाइपमध्ये इंचभर पुढे-मागे बसला तरी आकडा बदलतो. म्हणून चार सिलिंडरच्या ईजीटी एकमेकांशी जुळल्याच पाहिजेत असं नसतं. सिलिंडरची तुलना शेजाऱ्याशी नाही, त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी करायची.

दुसरी, सिलिंडरला खरा त्रास होतो तो सीएचटीने, ईजीटीने नाही. धूर गरम झाला म्हणून चूल फुटत नाही. भिंत किती तापली ते बघायचं.

आणि तिसऱ्या सिलिंडरची सीएचटी बघितली, तर ती वाढलेली नव्हतीच. उलट १५ अंशांनी कमी झाली होती!

धूर गरम, भिंत गार. हे कसं काय?

इथे विमानाच्या इंजिनची एक खासियत माहीत हवी. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा, त्यांना मॅग्नेटो म्हणतात. बॅटरी बंद पडली तरी मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवते. एक गेली तर दुसरी आहेच.

आता होळी आठवा. दोन बाजूंनी पेटवली तर पटकन भडकते. एकाच बाजूने पेटवली तर पूर्ण पेटायला वेळ लागतो. सिलिंडरमध्ये दोन प्लग एकदम पेटवतात तेव्हा इंधन लवकर जळतं. एक प्लग बंद पडला तर जळायला उशीर होतो, आणि बाहेरची झडप उघडते तेव्हा वायू अजून बराच गरम असतो. म्हणून ईजीटी वर. आतला दाब मात्र कमी पडतो, सिलिंडरच्या डोक्याला कमी गरमी मिळते. म्हणून सीएचटी खाली.

ईजीटी पटकन वर, सीएचटी हळूहळू खाली, आणि तेही एकाच सिलिंडरची. हे तापण्याचं लक्षण नाही. एक प्लग ठिणगी देत नसल्याचं लक्षण आहे.

पुरावा उड्डाणाच्या आधीच लिहिलेला होता

प्रत्येक उड्डाणाआधी पायलट रनअप करतात. या विमानात इंजिन १८०० आरपीएमवर ठेवून एक-एक मॅग्नेटो बंद करून बघायची. एकीवर चालवलं की आरपीएम थोडे पडणारच. सेसना १७२एसच्या पुस्तकात मर्यादा दिली आहे: १५० पेक्षा जास्त पडता कामा नयेत आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० पेक्षा जास्त नको.

फाइलमध्ये त्या मिनिटाकडे गेलो. एका मॅग्नेटोवर चारही सिलिंडरच्या ईजीटी वर गेल्या होत्या. बरोबर आहे, सगळेच एका प्लगवर चालत होते. दुसरीवर मात्र तीन सिलिंडर वर आणि तिसरा सिलिंडर खाली कोसळलेला. आरपीएम १७० ने पडलेले. म्हणजे त्या मॅग्नेटोवरचा तिसऱ्या सिलिंडरचा प्लग ठिणगीच देत नव्हता, तिथे इंधन जळतच नव्हतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "हो रे दादा! रनअपला थरथर होती. सरांनी मिक्श्चर कमी करून इंजिन थोडं जोरात चालवलं, प्लगवरचा कचरा जळून जातो म्हणून. परत चेक केलं तर १३० च पडले. मग निघालो."

यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. ही नेहमीची पद्धत आहे आणि १३० हा मर्यादेतला आकडा. पण लॉगमध्ये पुढचंही होतं. हवेत असताना ३१ व्या मिनिटाला तिसऱ्या सिलिंडरची ईजीटी ७० अंशांनी उडाली, सहा मिनिटांनी परत जागेवर आली. ५२ व्या मिनिटाला पुन्हा उडाली आणि उतरेपर्यंत वरच राहिली. आधीच्या तीन उड्डाणांत हाच सिलिंडर १३५० च्या आसपास शांत बसलेला.

विमानात बसलेल्या दोघांनाही काहीच जाणवलं नव्हतं. दुसरा प्लग इमानदारीने काम करत होता ना! विमान पडलं असतं वगैरे काही नाही, तसं उगाच घाबरवणार नाही. पण जी गोष्ट 'एक गेली तर दुसरी आहे' म्हणून ठेवली होती, त्यातली एक एका सिलिंडरपुरती गेलेली होती, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. बॅकअप असण्याचा धोका हाच असतो. तो पहिला बिघाड लपवतो.

सांगायचं की नाही?

भाऊ कचरला. "सर म्हणतील, अजून धड लँडिंग येत नाही आणि इंजिन शिकवायला निघाला." मी म्हटलं, तू निदान करू नकोस. फक्त ग्राफ दाखव आणि विचार, 'सर, हे काय आहे?'

सरांनी ग्राफ दोन मिनिटं बघितला आणि त्याच दिवशी टेक लॉगमध्ये स्नॅग टाकला. स्नॅग म्हणजे विमानातल्या दोषाची लेखी नोंद. मग ते विमान इंजिनिअरच्या सहीशिवाय उडत नाही. तिसऱ्या सिलिंडरचा खालचा प्लग काढला, तर आत शिशाचे बारीक मणी अडकलेले.

शिसं कुठून आलं? छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे १०० एलएल एव्हगॅसमध्ये, आजही थोडं शिसं असतं. लिटरला जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. नावात 'लो लेड' असलं तरी कारच्या पेट्रोलसारखं ते शिसंमुक्त नाही. हे इंधन आपण बाहेरून आणायचो, २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. जमिनीवर इंजिन बराच वेळ मंद, भरपूर इंधनावर चालत राहिलं की हे शिसं प्लगवर साठतं. शिकाऊ विमानं तर जमिनीवर बरीच रेंगाळतात.

प्लग साफ करून, तपासून परत बसवला. पुढच्या उड्डाणाची फाइल आली. तिसरा सिलिंडर: १३५०.

ग्राफ वाचायची चार सूत्रं

१. चारही रेघा एकत्र हलल्या तर पायलटने काहीतरी केलं आहे: थ्रॉटल, मिक्श्चर, उंची. एकच रेघ हलली तर त्या सिलिंडरला विचारा.

२. ईजीटी वर आणि सीएचटी थोडी खाली: प्लग किंवा त्याच्या वायरकडे संशय.

३. ईजीटी खाली आणि सीएचटी भराभर वर: हे खरंच धोक्याचं. आत इंधन वेळेआधी किंवा स्फोटासारखं पेटत असू शकतं. हे उतरल्यावर बघायचं नसतं, पायलटने तिथल्या तिथे पॉवर कमी करायची असते.

४. एकाच सिलिंडरची ईजीटी मिनिटाला साधारण एकदा अशी सावकाश वर-खाली डुलतेय: बाहेरच्या झडपेची तपासणी करायला सांगा. झडप एका जागी जळायला लागली की असं दिसतं.

आणि यांच्याही आधी: सेन्सरच खोटं बोलत नाही ना? गरमी अर्ध्या सेकंदात २०० अंशांनी बदलत नाही. अशी सरळ उभी रेघ दिसली तर बहुतेक वायर ढिली आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

विमान नाही? हरकत नाही. बीएस-६ कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली ओबीडी सॉकेट असतं. त्यात छोटं ब्लूटूथ ॲडॅप्टर लावलं की फोनवरच्या ॲपमध्ये आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट दिसतात आणि सीएसव्ही फाइलही निघते.

- फाइल गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा. वरच्या दोन-तीन ओळी माहितीच्या असतात, त्या काढून कॉलमची नावं राहू द्या.
- वेळेचा कॉलम आणि हवे ते दोन-चार कॉलम ठेवा. साठ कॉलमचा ग्राफ काढला तर खिचडी होईल आणि फोनही लटकेल.
- लाइन चार्ट काढा. तापमान आणि आरपीएम एकाच पट्टीवर टाकू नका, लहान आकड्यांची रेघ तळाला चिकटते.
- पहिलं काम बिघाड शोधण्याचं नाही. सगळं ठीक असतानाच्या तीन-चार फाइली जपून ठेवा. त्याच तुमची मोजपट्टी. त्या नसतील तर तुमचंही माझ्यासारखंच होईल.

विमानाची फाइल असेल तर दोन गोष्टी पाळा. ती विमानाच्या मालकाची असते, परवानगी घेऊनच घ्या, आणि रीलवर टाकू नका. त्यात ठिकाण, वेळ सगळं असतं. दुसरं, ग्राफ बघून तुम्ही प्रश्न विचारू शकता. उत्तर देण्याचा आणि विमान उडवायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार परवानाधारक इंजिनिअरचा आणि पायलटचा. ॲपचा नाही, आणि जेवणाच्या ताटावर बसलेल्या दादाचा तर मुळीच नाही.

आत्याला मी नंतर सगळं नीट समजावलं. चूल, धुराडं, होळी, सगळं सांगून. तिला पटलं. आता भावाचा फोन आला की आधी जेवलास का विचारते, आणि मग, "प्लग बघितला का रे?"

तुमच्याकडे कारची किंवा बाइकची अशी एखादी फाइल पडून असेल, तर आज उघडून बघा. आणि काही विचित्र दिसलं, तर घरात जाहीर करण्याआधी गेल्या आठवड्याची फाइल शोधा!